कावेरीकाठचं घर, परदेशी पासपोर्ट आणि मधला माणूस

कुंभकोणममध्ये दबीर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं दबीर हे पद केव्हाच इतिहासजमा झालं, रस्त्याचं नाव मात्र टिकलं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर या भागात मराठी कुटुंबं स्थिरावली. घरात जुन्या वळणाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. याच गावात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. पोटापाण्यासाठी किंवा कर्तृत्वासाठी गाव सोडून लांब जाणं इथे जुनंच आहे. परत येण्यासाठी अर्ज करावा लागणं, हे मात्र अलीकडचं.

अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा सैल केला. त्यानंतर इथले अय्यर, अय्यंगार आणि तंजावरी राव तिकडे गेले, नागरिक झाले, निवृत्त झाले. काहींना आता परत यायचंय. कुंभेश्वराच्या आसपास घर, सकाळी सारंगपाणीचं दर्शन, पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी आणि संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर सभा-संगीताच्या गप्पा, एवढंच मागणं. सिंगापूर-मलेशियातून येणारेही आहेत, कारण त्रिचीचा विमानतळ शंभरेक किलोमीटरवर आहे आणि तिथून थेट विमानं आहेत. ज्येष्ठांसाठी बांधलेली, तिन्ही त्रिकाळ शाकाहारी जेवणाची सोय असलेली संकुलं या पट्ट्यात उभी राहिली आहेत. पुण्यात ज्येष्ठांच्या ‘अथश्री’ संकुलात घर घेणाऱ्या अनिवासी मराठी माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल, आणि पुढचा सगळा गुंताही.

हे लोक चेहऱ्याने, जेवणाने, बोलीने इथलेच. कायद्याने मात्र परदेशी. त्यामुळे घर बघण्याच्या आधी किंवा घर बघता बघताच एक सल्ला कानावर येतो: ‘‘अमुक एजंटला धरा, तो सगळं करून देतो.’’ हा ‘सगळं’ शब्दच तपासायला हवा.

जगभरच्या निवृत्तांमध्ये एजंटचा वाद सर्वांत जास्त रंगतो तो थायलंडमध्ये. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीच्या कारणावर राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाट ठेवावे लागतात किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. ज्याच्याकडे तेवढी रक्कम नसते त्याच्या खात्यात काही एजंट आपले पैसे तात्पुरते भरतात, शिक्का मिळाला की काढून घेतात. एजंटची फी म्हणजे खरं तर त्या उसन्या पैशाचं भाडं. मलेशियाने उलटा रस्ता धरला. ‘मलेशिया माय सेकंड होम’ या योजनेत अर्जच परवानाधारक एजंटमार्फत करावा लागतो. एजंट ठेवावा की नाही हा प्रश्न सरकारनेच निकालात काढला.

भारतात यातलं काहीच नाही. आपल्याकडे निवृत्तीचा व्हिसा असा प्रकारच नाही. खात्यात किती पैसे आहेत हे कुणी विचारत नाही, म्हणून पैसे उसने देणारा एजंटही नाही. इथला एजंट कागदावर जगतो. आणि कागद हीच आपल्या लोकांची खरी अडचण असल्यामुळे त्याला सरसकट मोडीत काढताही येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: कागद गोळा करायला माणूस ठेवावा, व्हिसा ‘मिळवून द्यायला’ ठेवू नये. या दोन कामांमधली रेघ कुठे आहे, ते पाहायला आधी रस्ते पाहावे लागतील.

सर्वांत सोपा रस्ता ई-पर्यटक व्हिसाचा. तो घरबसल्या मिळतो, पाच वर्षांचाही मिळतो. पण त्यावर कॅलेंडर वर्षात १८० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि बहुतेक देशांच्या नागरिकांना एका वेळी नव्वदच. अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन आणि जपानी पासपोर्टवाल्यांना एका दमात १८० मिळतात. मार्गळी महिन्यातली पहाटेची भजनं आणि डिसेंबरातला चेन्नईचा संगीत हंगाम एवढ्यापुरतं येणाऱ्याला हा पुरतो. त्याने एजंटला एक रुपयाही देऊ नये. इथला धोका वेगळाच आहे: सरकारी संकेतस्थळासारखी हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं. अशोकस्तंभाचं चित्र, तिरंग्याचे रंग, आणि मूळ शुल्काच्या कितीतरी पट आकारणी. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथेच थांबावं.

दुसरा रस्ता एन्ट्री व्हिसाचा, म्हणजे ‘एक्स’ व्हिसा. मूळ भारतीय वंशाच्या माणसाला, भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला तो पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो. १८० दिवसांहून जास्त राहायचं तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. चेन्नईत हे काम परदेशी नागरिकांचं विभागीय नोंदणी कार्यालय (एफआरआरओ) बघतं, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक. २०१८ पासून ई-एफआरआरओ या ऑनलाइन व्यवस्थेमुळे बरेचसे हेलपाटे वाचले.

तिसरा आणि हमरस्ता म्हणजे ओसीआय, अर्थात ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. पहिली कार्डं जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात दिली गेली, २०१५ साली जुनी पीआयओ (‘पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन’) कार्ड योजना त्यात विलीन झाली, आणि आज पन्नास लाखांहून जास्त लोकांकडे हे कार्ड आहे. आजन्म, कितीही वेळा, कितीही दिवस. पोलीस नोंदणी नाही. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते. कावेरीच्या खोऱ्यात हे महत्त्वाचं, कारण घराबरोबर भाताची दोन-तीन एकर घ्यावीत असा मोह इथे प्रत्येकाला होतो आणि ‘ते मी बघतो’ म्हणणारे दलालही भेटतात. परदेशातून अर्ज केला तर शुल्क २७५ डॉलर, भारतात केला तर १५ हजार रुपये. एक मेख मात्र ध्यानात ठेवावी. पर्यटक व्हिसावर येऊन इथे बसल्या बसल्या ओसीआय काढता येत नाही. ‘आधी या, मग इथे करून देतो’ असं एजंट सांगत असेल तर त्याला नियम ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो तुमच्याशी खेळतोय. निघण्याआधी तिकडूनच काढणं शहाणपणाचं.

फॉर्म भरणं अवघड आहे का? अवघड नाही, चिवट आहे. फोटो चौकोनी हवा, सही एकास तीन प्रमाणाच्या चौकटीत बसायला हवी, पीडीएफ ठरलेल्या आकाराहून मोठं झालं की संगणक ते परत फेकतो. हात थरथरणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाची सही त्या आडव्या पट्टीत बसवायची म्हणजे पाच-सात कागद वाया. यासाठी लागतो तो झेरॉक्स-ब्राउझिंग सेंटरमधला हुशार पोरगा. कुंभकोणमच्या बस स्टँडजवळ असे बरेच भेटतील. त्याच्या कामाला एजंटचा दर लावायचं कारण नाही. मे २०२५ मध्ये ओसीआयचं पोर्टलही नव्याने आणलं गेलं. अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवण्यासारख्या सोयींमुळे जरा दम खाता येतो.

खरं दुखणं नावात आहे, आणि ते तमिळनाडूत इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे. इथे आडनाव ठेवायची पद्धत नाही. गावाचं आणि वडिलांचं नाव आद्याक्षरं होऊन पुढे बसतात. उदाहरण म्हणून एक नाव कल्पू या: टी. आर. कृष्ण राव. ‘टी’ म्हणजे तंजावर, ‘आर’ म्हणजे वडील रामचंद्र. शाळेच्या दाखल्यावर ‘टी. आर. कृष्ण राव’. १९७१ च्या भारतीय पासपोर्टवर कारकुनाने आद्याक्षरं उलगडली आणि ‘तंजावूर रामचंद्र कृष्ण राव’ झालं. अमेरिकेत नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर पहिलं नाव ‘कृष्ण’, आडनाव ‘राव’. मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव ‘कृष्ण रामचंद्र’. माणूस एकच, पण अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलावर चार. तंजावरी मराठ्यांना ‘राव’ असल्याने निदान शेपूट तरी सापडतं. ज्या तमिळ माणसाला फक्त एकच नाव आहे त्याच्या अमेरिकन कागदांवर पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशी अक्षरंही छापून येतात.

दुसरं दुखणं जन्माचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा, देशाच्या बहुतेक भागांत तो १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद आजोळी, घरीच झालेल्या बाळंतपणामुळे अनेकदा कुठेच नसते. मग शाळा सोडल्याचा दाखला, ‘नोंद उपलब्ध नाही’ असं महापालिकेचं पत्र, प्रतिज्ञापत्र अशी साखळी जुळवावी लागते. कुंभकोणम २०२१ मध्ये महानगरपालिका झालं. जुन्या नगरपालिकेची दप्तरं कुठल्या कपाटात आहेत हे आत काम केलेल्या माणसालाच ठाऊक.

तिसरं लग्नाचं. १९७४ साली मंगल कार्यालयात, नादस्वराच्या गजरात, पाचशे पानांच्या साक्षीने झालेल्या लग्नाची सरकारदरबारी नोंद असायची गरज कुणालाच वाटली नाही. तमिळनाडूत लग्नाची नोंदणी सक्तीची झाली ती २००९ च्या कायद्याने. दोघंही मूळ भारतीय असतील तर प्रत्येक जण स्वतःच्या हक्काने ओसीआय मागू शकतो आणि लग्नाचा कागद मागे पडतो. पण पत्नी मूळची ओहायोची असेल तर तिचा सगळा दावा लग्नावरच उभा आहे. ते नोंदवलेलं हवं, अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. इथे चुकीचा कागद जोडला की महिने जातात. अशा बायकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, जो त्या मोठ्याने विचारत नाहीत: नवरा आधी गेला तर मला इथून जावं लागेल का? कायद्यात कार्ड रद्द होण्याचं कारण म्हणून न्यायालयाने किंवा अन्य प्रकारे विवाह मोडणं आणि लग्न टिकून असताना दुसरं लग्न करणं सांगितलंय. जोडीदाराच्या मृत्यूचा त्या यादीत उल्लेख नाही. हे उत्तर एजंटने पहिल्या भेटीत द्यायला हवं. तो फक्त फीच्या गोष्टी करत असेल तर उठून यावं.

या तिन्ही कामांना माणूस लागतो. महापालिकेत खेटे, शाळेच्या मुख्याध्यापकांची मनधरणी, नोटरी, उपनिबंधक कार्यालयाबाहेरचा परवानाधारक दस्तलेखक, चेन्नईला जाणारं कुरियर. न्यू जर्सीत बसून हे होत नाही. फोनवर ‘नाळै वांगो’, म्हणजे उद्या या, एवढंच ऐकू येतं. मुलं परदेशात, भाऊ थकलेला, पुतण्या बंगळुरूला. अशा वेळी गावातला विश्वासाचा माणूस ठेवणं हे लाचारीचं लक्षण मानू नये. तो ‘व्हिसा एजंट’ अशी पाटी लावणारा असायचीही गरज नाही. निवृत्त तहसील कारकून, वकिलाकडचा गुमास्ता, नाहीतर ज्याला इथे सगळे ‘ऑडिटर’ म्हणतात त्या सीएच्या ऑफिसातला जुना माणूस हे काम जास्त चोख करतो. पैसे कामागणिक द्यावेत: हा दाखला आणला, याचे इतके. ‘पूर्ण पॅकेज’मध्ये नेमकं कशाचे पैसे गेले ते शेवटपर्यंत कळत नाही.

पॅकेजमध्ये बहुधा जे विकलं जातं ते आहे ओळख. ‘आतपर्यंत आपलं आहे.’ हे वाक्य ऐकलं की आपल्याकडच्या माणसाला धीर येतो, कारण त्याने १९७० चा भारत पाहिलेला असतो. फोन जोडणीसाठी वशिला, गॅससाठी वशिला, स्कूटरसाठी प्रतीक्षा यादी. तो चाळीस वर्षांनी परततो तेव्हा पिशवीत सवयही तीच घेऊन येतो. ऑनलाइन अर्जाचा निर्णय कुठल्या टेबलावर होतो हे कुंभकोणमच्या एजंटला कळायचा मार्ग नसतो. जे काम तसंही होणारच होतं त्याचं श्रेय घेऊन तो पैसे लावतो. नाही झालं तर ‘वरून अडलं’. फार झालं तर तो अर्जाची स्थिती दाखवणारं पान दिवसातून दोनदा उघडून बघतो. ते तुम्हालाही बघता येतं.

नुकसान फक्त पैशाचं असतं तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे एकत्र गुंडाळले गेले. व्हिसाची मुदत संपूनही राहिलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसाबद्दल दोन ते सात वर्षं आणि एक ते दहा लाख. अर्जावर सही एजंटची नसते. त्याने ‘ऍडजस्ट’ करून जोडलेला दाखला तपासात खोटा निघाला, तर माहिती दडवून कार्ड मिळवलं म्हणून ते रद्द होऊ शकतं, आणि उत्तर द्यायला तुम्हीच समोर उभे असता. म्हणून पासवर्ड, मूळ पासपोर्ट आणि कोऱ्या कागदावरची सही या तीन गोष्टी कुणाच्याही हातात देऊ नयेत, मग तो आत्याचा जावई असो. नोंदणीत ईमेल आणि फोन नंबर आपलाच हवा. बरेच एजंट स्वतःचा घालतात आणि खुलासा मागणारी पत्रं त्यांच्याच पेटीत पडून राहतात.

तक्रार करायची तर कुणाकडे? ऑस्ट्रेलियात असा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याला नोंदणी लागते, कॅनडात सल्लागारांचं नियमन करणारं स्वतंत्र कॉलेज आहे. आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशनचा, म्हणजे देशाबाहेर जाण्याचा, कायदा आहे, पण तो परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या भरती एजंटांसाठी. परदेशी नागरिकाला भारतात राहायला मदत करणाऱ्याला कुठलाही परवाना लागत नाही. भिंतीवर चौकटीत लावलेलं ‘सरकारमान्य’ प्रमाणपत्र बहुधा विमान तिकिटांच्या धंद्याचं किंवा दुकान नोंदणीचं असतं. मला विचाराल तर ज्येष्ठांच्या या वाढत्या वस्तीकडे बघता केंद्राने इथे परवाना पद्धत आणायला हवी. पण तोवर पावती आणि लेखी कामाची यादी, एवढंच संरक्षण.

घरमालकांचाही एक पदर आहे. भाड्याने राहणाऱ्या परदेशी माणसाची माहिती आल्यापासून चोवीस तासांत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी यजमानाची, मग ते हॉटेल असो, संकुल असो की ओळखीच्याचा वरचा मजला. गावातल्या मालकाला हे अनेकदा माहीत नसतं, आणि पोलीस विचारायला आले की घाबरून तो घर रिकामं करायला सांगतो. संकुल निवडताना जेवणाची चव बघतात तसं त्यांच्या ऑफिसात हे काम कोण करतं तेही विचारावं. चांगल्या संकुलात त्यासाठी एक माणूस असतो, आणि मग वेगळ्या एजंटची निम्मी गरज तिथेच संपते.

कराचं मात्र एजंटकडे अजिबात नेऊ नये. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात की प्राप्तिकराच्या दृष्टीने निवासी ठरता; परतल्यावर सुरुवातीची काही वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ ही सवलतीची पायरी मिळू शकते. अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही असला तरी तिकडचं विवरणपत्र भरावंच लागतं, आणि इथल्या बँक खात्यांची माहितीही द्यावी लागते. सोशल सिक्युरिटीचे पैसे कुंभकोणमला मिळतात, पण मेडिकेअर इथल्या रुग्णालयाचं बिल भरत नाही. व्हिसा हातात आल्यावर या गोष्टी कळलेले लोक मला भेटले आहेत. एजंटने सांगितलं नाही, ही त्यांची तक्रार. त्याचं ते कामच नव्हतं.

सगळी प्रकरणं अशी सुटसुटीत नसतात. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आहेत. नेहमीच्या नियमात पणजोबांपर्यंतच पोचता येतं, त्यामुळे ते बाहेर राहत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथे सातव्या पिढीपर्यंत ओसीआयची वाट मोकळी केल्याचं जाहीर केलं. अशा अर्जदाराला जहाजाच्या नोंदी आणि अभिलेखागार वाचता येणारा संशोधक लागतो. नेहमीचा फॉर्म भरणारा तिथे निरुपयोगी.

आणि एक कराचीचं. फाळणीआधी कराचीत मराठी वस्ती मोठी होती. तिथलं एनजेव्ही हायस्कूल नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाचं. १९४० च्या आसपास तिथे जन्मलेली, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला आईचं बोट धरून मुंबईला आलेली मुलं पुढे अमेरिकेत गेली आणि आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या अमेरिकन पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून ‘पाकिस्तान’ छापलंय. ओसीआयच्या नियमात पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व कधी घेतलेलं असणं आडवं येतं, पणजोबांपर्यंत कुणीही. कराचीत जन्म होणं आणि पाकिस्तानचा नागरिक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण हे पटवून द्यायला १९४८ च्या आधी-नंतरचे कागद, वडिलांची मुंबईतली नोकरीची नोंद, निर्वासित म्हणून झालेली नोंदणी, जुना भारतीय पासपोर्ट, असं सगळं क्रमाने मांडावं लागतं. हे ब्राउझिंग सेंटरचं काम नव्हे आणि ‘आतपर्यंत ओळख’ असलेल्याचंही नव्हे. इथे खर्च करावा तो नागरिकत्वाची प्रकरणं चालवलेल्या वकिलावर, अर्ज दाखल करण्याच्या आधी. नकार आल्यावर त्याच्याकडे जाणाऱ्यांचं निम्मं काम तो नकारच अवघड करून ठेवतो.